तहानलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हाचे कौतुक आता आठवतही नाही. पुण्याच्या एका डॉक्टरांनी मला अकरा वर्षे पळवले आणि नवा काळा रंग चढवून विकायला काढले. सोलापूरचे कापडाचे व्यापारी शिवशरणअप्पा मला पाहायला आले. त्यांनी हॉर्न वाजवून पाहिला आणि ते खूश झाले. माझा रेडिएटर गळतो का, हे त्यांनी विचारले नाही, डॉक्टरांनीही सांगितले नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा!

घरी माझी पूजा झाली, चाकांखाली लिंबे चिरडली. आठव्या दिवसापासून गल्ली मला ढकलू लागली. दार सुतळीने बांधावे लागले. शिवाय दर पंधरा-सोळा मैलांवर मला पाणी लागे. साल बहात्तर, दुष्काळाचे. मालकीणबाई ईरम्मा नळावर दोन तास उभी राहून आणलेली कळशी माझ्यात ओतताना म्हणायची, "माणसास्नी प्याया न्हाय, आन् ह्या बयेला कळशीभर लागतंय की!" मला फार लाज वाटे.

एके दिवशी मंगळवेढ्याहून तार आली. मालकांच्या आईची, बसव्वाची, धाकटी बहीण सुंदरम्मा अखेरच्या घटका मोजत होती. मालक वैरागच्या बाजाराला गेलेले. शेजाऱ्यांनी माळशिरसकडचा एक ट्रक ड्रायव्हर, गोपाळ, बोलावून आणला. माझे दुखणे त्याला गडबडीत कोणी सांगितलेच नाही. बसव्वा पाण्याची कळशी पायाशी घेऊन मागे बसली.

कामती मागे पडली तशी माझ्या पोटात खळखळ सुरू झाली. बसव्वाने तो आवाज ओळखला. एरवी ती मराठी बोले, पण जीव घाबरला की तोंडात कानडीच येई. ती म्हणाली, "नीर हाकप्पा!" म्हणजे, बाबा, पाणी घाल.

गोपाळला कानडीचा गंध नव्हता. त्याला ऐकू आले, 'नीट हाक.'

"व्हय आज्जी, नीटच हाकतोय की."

"नीर हाक! नीर हाक!"

"तुमी भिऊ नगा. आत्ता पोचतो बगा."

म्हातारीला घाई झाली आहे असे समजून त्याने मला आणखी पिटाळले. मी तरी किती सोसणार? बॉनेटमधून वाफ उसळली आणि इंजिन जाम झाले.

दोघेही तासन्‌तास एस.टी.ची वाट पाहत रस्त्यात उभे राहिले. मंगळवेढ्याला पोचले तेव्हा सुंदरम्मा गेलेली होती. दुपारपर्यंत ती "अक्का आली का?" असे विचारत होती म्हणे. 'नीर' म्हणजे पाणी, हे गोपाळला तिथेच कळले. दुसऱ्या दिवशी मला पाहायला आलेल्या मेकॅनिकला त्यानेच हे सारे सांगितले, आणि माझ्या मडगार्डवर डोके टेकून तो रडला.

मालकांनी इंजिन दुरुस्त केले, पण नवा रेडिएटर काही मिळेना. शेवटी त्यांनी मला विकायला काढले. बार्शीच्या अण्णारावांना मी पसंत पडले. मालकांनी रेडिएटरचे नावही काढले नाही. तेवढ्यात बसव्वा बाहेर आली आणि एकेक मराठी शब्द जपून उच्चारत म्हणाली, "पाणी गळतंय तिचं. कळशी संगं ठिवा. आन् चालवणाऱ्याला आदी सांगा."

अण्णाराव सौदा न करताच निघून गेले.

मित्रांनो, मी आता थकले आहे. जुनी वस्तू घ्याल तर तिचे दुखणे विचारून घ्या, विकाल तर सांगून विका. आणि मागे बसलेले माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर गाडी उभी करा, मागे वळा आणि विचारा, "काय म्हणालात?"