माझ्या पोटातला पाळणा

मी एक जुना स्पीकर आहे. मुठीएवढा, निळा, टवका उडालेला. मित्रांनो, माझा जन्म तारापूरच्या एका कारखान्यातला. सालवडच्या एका खोलीत दोन वर्षं गाणी बडवून माझा घसा बसला, तेव्हा घरच्यांनी मला एका दवाखान्यात देऊन टाकलं. इथे अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत असतात. त्यांना अगदी हळू आवाज लागतो. म्हणजे माझा बसका घसाच इथे कामी आला!

त्यातलीच एक जमनाची मुलगी, किलोभरसुद्धा नव्हती. राजनंदिनी सिस्टर जमनाला म्हणाल्या, "मोबाईलमध्ये पाळणा रेकॉर्ड करून द्या. आईच्या आवाजानं बाळ शांत होतं."

जमनाची सासू लाडकी दारातूनच म्हणाली, "बारशाआधी पाळणा म्हणायचा नाय. आमच्यात चालत नाय."

बाजारात मासे विकताना जिचा आवाज गावभर जातो, ती जमना सासूचा शब्द मोडेना. शेवटी मोबाईलमध्ये ती नुसतीच बोलली, "बाय माझी, आज ऊन चांगलं हाय. बोंबील वाळत घातलेत. कावळे हाकलायला शेजारीण बसलीय. तू लवकर घरी ये."

सिस्टरनी ते माझ्यात भरलं. मी रोज ऐकवायचो आणि बाळाची मूठ सैल व्हायची. मला केवढा अभिमान वाटायचा!

अकराव्या दिवशी दुपारी बाळाची छाती हलेनाशी झाली. यंत्र कोकलू लागलं. मी वीतभर अंतरावर होतो, पण मला ना हात, ना पाय. मी आपला "ऊन चांगलं हाय" म्हणत राहिलो. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. सिस्टर धावत आल्या, बाळाच्या तळव्याला टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे श्वास परतला.

लाडकीने काचेतून सगळं पाहिलं. संध्याकाळी तिनेच सुनेचा मोबाईल मागून घेतला आणि त्यात पाळणा म्हटला. नावाची ओळ आली तशी ती थांबली. नाव ठेवलंच कुठे होतं?

आता मी तोच पाळणा ऐकवतो. नावाच्या जागी नुसती शांतता येते. बाळ अजून पेटीतच आहे आणि माझ्या हाती काहीच नाही.

मित्रांनो, माझं एवढं करा, मला चार्जिंगला लावायला विसरू नका. ती ओळ पुरी व्हायची आहे.