मी फक्त लीलाताईंसाठी होतो

चावडीवर काही लपवायचं नाही. रेणुका हैदराबादेत, जामबागच्या त्या जुन्या मराठी शाळेत शिकवायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला हा नियम सांगितला गेला. का, असं तिनं विचारलं, तर आबासाहेब हसून म्हणाले, “आपल्यात का असं विचारायचं नसतं, पोरी.”

चावडी म्हणजे शाळेतल्या सगळ्यांचा फोनवरचा ग्रुप. नाव संस्थेचे सचिव आबासाहेब यांनीच ठेवलेलं. वेळापत्रक तिथं, हरवलेली छत्री तिथं, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन तिथं, नातवाचा पहिला दातही तिथंच. एकमेकांशी वेगळं बोलायचीही सोय होती, पण ती वापरणाऱ्याकडे जरा संशयानंच बघितलं जाई.

मी एक मेसेज बोलतोय. त्या वेगळ्या सोयीत जन्मलेला.

रेणुकानं मला एका दमात लिहिलं नाही. बसस्टॉपवर उभी राहून लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. ‘मिसकॅरेज’ या शब्दापाशी तिचा अंगठा बराच वेळ थांबला होता. शेवटी मी असा झालो: ‘ताई, परसों माझं मिसकॅरेज झालं. अजून जिने चढवत नाहीत. शनिवारचे वरच्या मजल्यावरचे माझे तास घ्याल का? फक्त तुम्हाला सांगतेय.’

माझ्यात एवढंच होतं. तिच्या नवऱ्याला, संघपालला, सोडलं तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूला ती वेळ बघून, जवळ बसून सांगणार होती.

मी लीलाताईंच्या फोनवर पोचलो. शाळेतल्या सर्वांत जुन्या बाई, मायाळू. मला वाचून त्यांचे डोळे भरून आले, हे मी स्वतः पाहिलं. त्या डोळ्यांत मी राहिलो असतो, तर माझं आयुष्य सार्थकी लागलं असतं. पण बाईंनी चष्मा पुसला, माझ्यावर बोट दाबून धरलं आणि पुढे पाठवायचा बाण उमटला. किती सोपं असतं ते. मला घडवायला रेणुकानं कितीदा लिहिलं-पुसलं होतं, आणि मला सगळ्यांपुढे टाकायला एक बोट पुरलं.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाई फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, “अहो, तिनं फक्त तुम्हाला म्हटलंय ना?”

“चावडी म्हणजे काय परकी माणसं आहेत?” लीलाताई म्हणाल्या. “पोरीला धीर द्यायला चार जण हवेत.”

चार कुठले, सगळेच आले. हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. ‘देवाची इच्छा’ आलं. ‘पपई खाल्ली होती का?’ हेही आलं. कुणीतरी तारनाक्याला, रेणुकाच्याच गल्लीत राहणाऱ्या आपल्या बहिणीला कळवलं. संध्याकाळी रेणुका घरी पोचली, तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. “मला शेजारणीनं सांगावं, रेणुका?” एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रात्री रेणुकानं मला उघडून वाचलं. स्वतःचेच शब्द, वर कुणाकुणाची फुलं. मला तिच्याकडे बघवेना.

वाटलं, आता तरी संपेल. पण पुण्याहून नुकतेच आलेले मुख्याध्यापक, गिरीश सर, हिशेबाचे पक्के. त्यांनी चावडीवरच विचारलं, ‘परसों म्हणजे मंगळवार. मंगळवारी तर रेणुका मॅडम स्नेहसंमेलनात माइकवर होत्या?’

झालं. फुलं थांबली. जिना चढवत नाही म्हणते आणि स्टेजवर हसत होती, अशी कुजबुज सुरू झाली. त्या दिवशी ती मधूनमधून खुर्चीची पाठ घट्ट धरत होती, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

नेमकं त्याच आठवड्यात तिला कायम करायचं की नाही, हे ठरायचं होतं. शनिवारी तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तिघांचे फोन पडले होते, आबासाहेबांचा, गिरीश सरांचा आणि लीलाताईंचा. तिन्हींत मी होतो.

“खोटं बोलून तास टाळणं बरं नाही,” गिरीश सर म्हणाले.

लीलाताई चपापल्या. “सर, तुम्ही नवीन आहात. इथं हैदराबादेत परसों म्हणजे मागं कधीतरी. आमचे आबासाहेबच बघा ना, परसों माझं लग्न झालं तेव्हा सुलतान बाजारात अमुक होतं, तमुक होतं, असं सांगतात.”

“हौ, ते खरंय,” आबासाहेब ओशाळून हसले. “आमची परसों लई लांबवर जाते.” मग रेणुकाकडे वळून, अगदी बापाच्या मायेनं म्हणाले, “चल, मिटलं. आता असं कर, नेमकं कधी झालं, कुठं दाखवलं, तेवढं चावडीवर टाक. सगळ्यांचा संशय फिटेल. मग मी सही करतो.”

माझ्यासारख्याची विनवणी कुणाला काय ऐकू जाणार? तरी सांगतो. बाण दाबायच्या आधी एकदा बघा, मी कुणाच्या नावानं निघालो होतो. मला पुढे पाठवता येतं, माघारी बोलावता येत नाही. त्या शनिवारी सकाळीच घाबरून लीलाताईंनी मला चावडीवरून पुसलंही होतं. ‘हा मेसेज काढून टाकला आहे’ एवढी ओळ चावडीवर उरली. पण तोवर गिरीश सरांनी माझा फोटो काढून आबासाहेबांनाही पाठवला होता, तारनाक्याच्या गल्लीत माझ्या किती प्रती फिरत होत्या, मलाच माहीत नाही. रेणुकाच्या फोनमधून मात्र मी त्याच सकाळी गेलो. तिनं मला स्वतःच्या हातानं काढलं.

ऑफिसात ती बसली नव्हती. खुर्ची दिली होती, तरी उभी होती.

“नाही टाकणार,” ती म्हणाली.

“अगं, तुझ्याच भल्याचं आहे,” आबासाहेब म्हणाले. “आपल्यात लपवायचं काय?”

“आबासाहेब, गेलं ते माझं मूल होतं. कधी गेलं, ते माझ्या घरात राहील. त्यावर सही अडली असेल, तर अडू द्या.”

लीलाताई पुटपुटल्या, “मी चांगल्यासाठीच केलं गं.”

“ताई, सगळ्यांना सांगायचं असतं तर चावडीवर लिहिता मलाही येत होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

लीलाताईंनी मान खाली घातली. गिरीश सरांनी फोन पालथा ठेवला. आबासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, सहीच्या कागदाकडे बघितलं, परत लावलं. रेणुका उभीच होती.