तेविसावी रेघ

मी ट्यूनर बोलतोय. नाव ऐकून रेडिओतला एखादा भाग समजला असाल, तर तसलं काही नाही. मी पितळेचा आहे, लिंबाएवढा, मधून पोकळ. रायफलीच्या नळीच्या टोकाला मला आट्यांवर चढवतात.

गोळी सुटली की नळी थरथरते. दिसत नाही, पण थरथरते. त्यात सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. काही घाईच्या, काही आळशी. मी योग्य जागी असलो, तर आळशी गोळी नळी किंचित वर उचललेली असताना निघते आणि घाईच्या गोळीच्याच भोकात जाऊन पडते. जागा चुकली की एक वर, एक खाली. माझी विद्या एवढीच. मोठी नाही, पण उगाच नम्रपणाही करत नाही.

माझा बाप टर्नर. पंप दुरुस्तीच्या कारखान्यात एकाच लेथवर त्याची पंचेचाळीस वर्षं गेली. बोलणं तिरसट. त्याची लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि रविवारी रेंजवर नेमबाजी करायची. त्याला नेमबाजी म्हणजे कागदाला भोकं पाडणं वाटायचं.

"बाबा, एक कडं काढून द्या ना. मागेपुढे सरकणारं. नळी थरथरते."

"मग नळी बदल."

"सगळ्याच थरथरतात."

"मग तक्रार कसली करतेस?"

तरी दुसऱ्या दिवशी त्याने पंपाचं एक टाकून दिलेलं पितळी बुश लेथवर चढवलं. तोच माझा जन्म. माझ्या अंगावर त्याने पन्नास रेघा ओढल्या, एकही वाकडी नाही. लेक म्हणाली, "एक छोटा स्क्रू टाका, जागेवरून हलणार नाही." तो चिडला. "माझे आटे सरकत नाहीत."

मग तीन रविवार आम्ही जागा शोधली. पूर्ण आवळलेला म्हणजे शून्य. शून्यावर दहा गोळ्या झाडल्या, तर भोकं एकाखाली एक पडली, नळ ठिबकावा तशी. मला थोडा थोडा सैल करत गेले. तेविसाव्या रेघेवर दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक झालं, नखाएवढं. टर्नरने प्रत्येक कागदावर रेघेचा आकडा लिहिला आणि सगळे कागद घरी खिळ्याला अडकवले. तेवीसचा कागद उजेडाकडे धरून म्हणाला, "बरंय." लेकीने वळून बघितलं. शाळेतल्या पहिल्या नंबरालाही तो एवढं बोलला नव्हता.

रायफल क्लबची होती. संघात निवड झाली तरच ती लेकीकडे राहणार, नाहीतर परत करायची. दोन वर्षं तिची निवड थोडक्यात हुकली होती. रेंजवरच्या सरांनी तोंडावर सांगितलं होतं, "यंदा नाही झालं तर दुसऱ्या कुणाला देऊ. रांग मोठी आहे."

निवडीच्या सकाळी ती जॅकेट चढवायला आत गेली. बाहेर बाकावर टर्नर रायफल पुसत बसला. पुसता पुसता फडकं माझ्यापर्यंत आलं. बोटांना लागलं की हा सैल आहे. पंचेचाळीस वर्षं त्या हाताने एकही आटा अर्धवट सोडला नव्हता. त्याने मला फिरवलं आणि करकचून आवळलं. शून्यावर. नजर दुसरीकडेच होती त्याची. मी कळवळलो, पण पितळेचं ऐकतंय कोण.

ती रेंजवर नेम धरायला पोटावर आडवी झाली. आधी सरावाची पंधरा मिनिटं असतात, त्या गोळ्या मोजत नाहीत. पहिली वर गेली. दुसरी खाली. तिसरी आणखी खाली. तिचा गाल रायफलीला टेकलेला. तो गार पडत गेलेला मला कळला. सर मागून म्हणाले, "श्वास सांभाळ." तिलाही वाटलं, दोष आपलाच. तिने श्वास सांभाळला. भोकं तशीच ठिबकत राहिली.

दोरीपलीकडे टर्नर दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. ते चित्र त्याच्या घरच्या भिंतीवर होतं, शून्याच्या कागदावर. त्याने दुर्बीण खाली केली आणि आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

खेळाडूशी फक्त सरांनीच बोलायचं, असा नियम. तो सरांकडे गेला. चार लोक ऐकत होते.

"तिचं काही चुकत नाही. मी चुकलो."

"म्हणजे?"

"कडं आवळलं मी. हाताची खोड. तिला सांगा, तेवीस."

"सामन्याच्या दिवशी हात लावलात?"

"लावला. मला बोला नंतर, आधी तिला सांगा."

सर वाकून एवढंच म्हणाले, "तेवीस." तिने मान उचलली, माझ्याकडे पाहिलं, रेघा मोजत मला सैल करून तेवीसवर आणलं. शेवटचं मिनिट उरलं होतं. एकच गोळी झाडली. मधोमध.

पुढच्या साठ गोळ्यांत ती संघात आली. शेवटच्या जागेवर का होईना, आली.

बाहेर टर्नर फाटकाशी उभा, मान खाली. ती सरळ त्याच्याकडे गेली. रायफल त्याच्यापुढे धरली. "पुसून द्या."

त्याने उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने पुसली. दुसऱ्या दिवशी मला स्क्रूसुद्धा बसवला.

ती सहा वर्षं खेळली. मग डोळा पहिल्यासारखा राहिला नाही. रायफल परत गेली, मी घरी राहिलो. आता फळीवर डॉक्टरच्या कागदांवर वजन म्हणून बसतो. कागद टर्नरचे. त्याचे हात थरथरतात. नळीचं टोक मी सांभाळलं, या हातांना माझा काही उपयोग नाही.

पण लेकीने या हातांचीही जागा शोधली. तो कप उचलतो तेव्हा ती त्याच्या हाताला दोन बोटं लावते. कोपराशी लावून पाहिली, चहा सांडला. मनगटाशी लावली, सांडला. रोज थोडं थोडं सरकत गेली. मनगटाच्या चार बोटं वर जमलं. दाबत नाही, नुसती टेकवते.

"बरंय," तो म्हणतो.

मला मोडीत घालायचं असेल तर खुशाल घाला, कुरकुर करणार नाही. फक्त त्याआधी हा चहा संपू द्या.