चिंधाची बाजू

बुधवारी सकाळी चिंधाचा आवाज जाणार होता. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून नीट समजावलं होतं. गाठ स्वरयंत्रातच आहे, अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल, पुढे श्वास गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून चालेल. माणूस वाचेल, पण बोलणार नाही.

म्हणून मंगळवारी दुपारी चिंधाचे जुने मित्र भाऊराव सपकाळे उधन्याहून रिक्षाने सुरतेच्या हॉस्पिटलात आले. वॉर्डात शिरताच त्यांना दिसलं की पलंगाभोवती सगळे गोळा झालेत आणि कोणालाच काही सुचत नाहीये. चिंधाची बायको सुभद्राबाई स्टुलावर पदर तोंडाशी धरून बसली होती. मुलगी जयश्री मोबाइल बापाच्या तोंडासमोर धरून उभी होती.

"बाबा, बोला ना काहीतरी. रेकॉर्ड करून ठेवते."

चिंधाने घसा खाकरला. गेले पाच महिने त्याचा आवाज घोगरा झाला होता, तरी कापड कारखान्याच्या लूम खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा तो आवाज, हळू बोलायची त्याला सवयच नव्हती. मोबाइलकडे बघत तो ताठ बसला आणि पोलिसात जबाब द्यावा तसा म्हणाला, "मी चिंधा उत्तम पाटील, राहणार डिंडोली, वय वर्षे त्र्याहत्तर." मग थांबला. "धर्मेंद्र, आईले सांभाळ." परत थांबला. "बस. आजून काय बोलू?"

जयश्रीने मान फिरवली. तिचे डोळे भरून आले होते. मुलगा धर्मेंद्र खिडकीबाहेर बघत राहिला.

भाऊरावांनी हे पाहिलं. या माणसाला ते साठ वर्षं ओळखत होते. त्याला गप्प बसवणं अवघड असायचं, बोलतं करणं कधीच नाही.

त्यांची ओळख भुसावळची. भाऊरावांचे वडील रेल्वेत खलाशी होते आणि आई पेरेरासाहेब नावाच्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या बंगल्यावर धुणंभांडी करायची. चिंधा अमळनेरकडचा, पण मामाच्या म्हशी होत्या म्हणून भुसावळला राहायचा आणि बंगल्याबंगल्यांवर दूध घालायचा. पेरेरासाहेबांच्या दोन मुली होत्या आणि घरात रेकॉर्ड प्लेअर होता. थोरलीला बीटल्सचं वेड, धाकटीला रोलिंग स्टोन्सचं. दोघी त्यावरून हमरीतुमरीवर यायच्या. मागच्या पायरीवर दोन चौदा वर्षांची पोरं उभी राहून ऐकायची. दोघांनाही आत कोणी बोलावलं नाही. गावात एक पाटलाचा आणि एक नवबौद्धाचा मुलगा असे खांद्याला खांदा लावून बसले असते तर चार माणसांनी हटकलं असतं. त्या पायरीवर मात्र दोघंही सारखेच बाहेरचे होते.

इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. तरी भाऊरावांनी थोरलीचा पक्ष घेतला, चिंधाने धाकटीचा, आणि वाद सुरू झाला. पुढे भाऊराव रेल्वेत लागून उधन्याला आले. चिंधाही सुरतेला येऊन लूमवर लागला. लग्नं झाली, मुलं झाली, भाऊरावांची चंपाबाई वारली, दोघं निवृत्त झाले. दर रविवारी सकाळी भाऊरावांच्या घरी सुरती लोचो खाताना तोच वाद. आता भाऊरावांच्या नातीने, प्रज्ञाने, मोबाइलवर सगळी गाणी काढून दिली होती, त्यामुळे वादाला पुरावाही मिळायचा. कोण बरोबर हे एकदाही ठरलं नव्हतं.

भाऊराव पलंगाच्या कडेला टेकले. जयश्रीचा मोबाइल अजून चालू होता.

"चिंधा," ते म्हणाले, "काल मी तुझ्या लोकांचं ऐकलं. पूर्ण तासभर ऐकलं. ढोल बडवण्यापलीकडे त्यात काही नाही रे."

चिंधाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याच्या भुवया वर गेल्या.

"तुले ढोलमधलं काय समजस?"

"न समजायला काय? चार माणसं चार सुरांत गातात आणि एकच गाणं होतं, त्याला संगीत म्हणतात. तुझा एकटाच ओरडतो, बाकीचे त्याच्यामागे धावतात."

"धावत नहीत!" चिंधा उशीवरून उठून बसला. "भाऊराव, तू कधी लूम खात्यात उभा राहिलास? शंभर लूम एकदम चालतात ना, पहिल्या दिवशी नुसता गोंगाट. महिन्याने त्या गोंगाटातून ठेका निघतो. पायाखालून येतो. तो तोडला की धागा तुटलाच समज. मना लोक त्या ठेक्यावर उभा शेतस. तुझे लोक कोरे कपडे घालून, केस विंचरून गात होते."

"केस विंचरले म्हणून काय बिघडलं? आणि सतार पहिली कोणी घेतली? माझ्यांनी."

"घेतली. पण वाजवली कोणी? तुझ्यांची सतार पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेला बसलेली. मना लोकसनी तिला घरात कामाला लावली."

इथे चिंधा हसला. घोगरं, खोकल्यात अडकणारं हसू, पण मोठं. शेजारच्या पलंगावरचा गुजराती म्हातारा कुशीवर वळून ऐकू लागला. नर्स दोनदा येऊन गेली. जयश्रीने मोबाइल दोन्ही हातांत धरला होता आणि ती श्वासही जपून घेत होती.

सुभद्राबाई मात्र स्टुलावरून उठली आणि बाहेर निघून गेली.

पाऊण तासाने भाऊराव निघाले, तेव्हा ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. रडलेली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "बोलायची शेवटची घडी होती त्यासनी. ती तुम्ही इंग्रज गाणासमा घालवी. मला काही बोलतील, पोरांना काही सांगतील, म्हणून मी सकाळपासून बसली होती."

भाऊराव हात जोडून जिना उतरले. आपण मित्राला बोलतं केलं की त्याच्या बायकोच्या वाट्याचं बोलणं पळवलं, हे रिक्षात त्यांना ठरवता येईना. त्या दिवशी त्यांनी प्रज्ञाला नुसतं "चिंधाआजोबा बरे आहेत" एवढंच सांगितलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ पूर्ण निघाली. तीन आठवड्यांनी चिंधा डिंडोलीला घरी आला.

त्या रविवारी भाऊराव गेले तेव्हा तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. गळ्याला जाळीचा रुमाल बांधलेला, त्याच्यामागून श्वासाचा घरघर आवाज यायचा. वजन निम्मं झाल्यासारखं वाटत होतं. मांडीवर शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी आणि खडू. भाऊरावांना बघून त्याने ओठ हलवले, पण ओठांतून काहीच आलं नाही. मग त्याला आठवण झाली आणि त्याने पाटीवर लिहिलं, "बस."

भाऊराव बसले. हवापाण्याचं बोलले. प्रज्ञाच्या परीक्षेचं बोलले. चिंधा मान हलवत राहिला. शेवटी भाऊराव म्हणाले, "चिंधा, मी फार विचार केला. तुझंच बरोबर होतं. तुझे लोक जास्त चांगले. माझं म्हणणं मी सोडलं."

त्यांना वाटलं होतं, तो खूश होईल. चिंधाचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. त्याने खडू इतक्या जोरात दाबला की त्याचे दोन तुकडे झाले. उरलेल्या तुकड्याने त्याने लिहिलं, "मेलो नाही अजून." पाटी भाऊरावांच्या छातीशी नेऊन धरली. मग ती काढून घेतली, पुसली, परत लिहिलं, "घरी जा."

भाऊराव उठले. दारात सुभद्राबाई उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती त्यांच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि दुधाच्या दुकानाशी थांबली.

"राग नका धरू त्यांचा."

"राग नाही वहिनी. माझंच चुकलं. त्या दिवशीही चुकलं, आजही."

"जयश्रीने ते बोलणं माझ्या मोबाइलात घालून दिलं," ती म्हणाली. "रोज दुपारी लावते मी. बेचाळीस मिनिटं आहे. त्यात माझं नाव एकदाही नाही आलं. पहिल्या दिवशी मी बंदच करून टाकलं होतं. म्हटलं, काय ऐकायचं?" तिने नाक ओढलं. "पण त्यात ते तीनदा हसतात. भाऊ, बारा-बारा तास लूम चालवून घरी आला की माणूस जेवायचा आणि झोपायचा. हसायला वेळ कुठे राहायचा? मला ते हसणं ठाऊकच नव्हतं. तुमच्या घरी रविवारी असंच हसायचे का?"

"हो," भाऊराव म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

तिने मान हलवली. तिला ते लागलं हे त्यांना दिसलं, आणि तिने ते गिळलं हेही दिसलं. "मग तुम्ही त्यासले उलटा बोलत जा," ती म्हणाली. "आता सगळे त्यांच्यापुढे हो-हो करतात. धर्मेंद्र करतो, सून करते, मीपण करते. आजारी माणूस म्हणून. तुम्ही नका करू."

पुढच्या रविवारी भाऊराव गेले ते रीतसर तयारी करून. चिंधाने पाटीवर 'बस' लिहिलं नाही, तरी ते बसले, आणि चहा यायच्या आत म्हणाले, "मागच्या वेळी मी दया केली. ती परत घेतो. माझे लोक चांगले होते, आहेत आणि राहतील."

चिंधाने पाटी उचलली. "कारण?"

"कारण त्यांना थांबायचं कळलं. दहा वर्षांत जे करायचं ते केलं आणि उठले. तुझे ऐंशीच्या घरात गेले तरी स्टेजवर उड्या मारताहेत. कशासाठी? संपलेली गोष्ट ओढत राहण्यात काय—"

ते तिथेच थांबले. ओट्यावर चिंधाच्या गळ्यातली घरघर तेवढी ऐकू येत होती. भाऊरावांना वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं.

चिंधाने सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं. भाऊरावांनी चष्मा सारखा करून वाचलं.

"ओढत राहणं काय असतं ते मला विचार. सकाळी उठून नळी धुतो. मग मुगाचं पाणी. मग तू येतोस. मला आणखी पाहिजे."

पाटी भरली. त्याने बाहीने पुसली आणि खाली लिहिलं, "तेही म्हणत असतील आणखी पाहिजे. त्यात वाईट काय?"

भाऊरावांना साठ वर्षांत या मुद्द्यावर उत्तर द्यावं लागलं नव्हतं. हा मुद्दा आधी कधी निघालाच नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला. डोळेही पुसले.

"वाईट नाही," ते म्हणाले. "हा मुद्दा तुझा."

चिंधाने संशयाने त्यांच्याकडे पाहिलं.

"दया नाही. खरंच तुझा," भाऊराव म्हणाले. "पण एवढ्यावर जिंकलास असं समजू नकोस. तुझे लोक नवे होते, त्यांच्याकडे गाणी नव्हती, तेव्हा त्यांना गाणं कोणी लिहून दिलं? माझ्यांनी. प्रज्ञाने वाचून दाखवलंय मला."

चिंधाचे खांदे हलू लागले. गळ्यावरचा रुमाल फडफडला, श्वास जोरजोरात आत-बाहेर होऊ लागला. भाऊराव घाबरून उठणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की तो हसतोय. आवाजाशिवाय, पण सगळ्या अंगाने. सुभद्राबाई चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहून बघत राहिली.

हसणं ओसरल्यावर चिंधाने तिच्याकडे पाहिलं. खुर्ची थोडी सरकवून त्याने ओट्यावर जागा केली आणि त्या जागेवर हात आपटला. सुभद्राबाईने आधी भाऊरावांकडे पाहिलं, मग कप खाली ठेवून ती बसली. लग्नाला एकावन्न वर्षं झाली होती, पण या दोघांच्या वादात ती पहिल्यांदाच बसत होती.

"मला काही कळत नाही यातलं," ती म्हणाली.

"आम्हाला तरी कुठे कळतं, वहिनी?" भाऊराव म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर पहिलं गाणं लावलं.