आनंदलोकचे सोळा घोडे

शरदराव पागनीसांना खोटं बोलायची सवय नव्हती. आणि सवय नसलेल्या माणसानं खोटं बोलू नये, कारण त्याला प्रमाण कळत नाही. मुरलेला माणूस चिमूटभर घालतो. शरदरावांनी ओंजळभर घातलं, आणि तेही थेट होळकर सरकारच्या नावानं. पुढं जे झालं त्याला मग कोण काय करणार?

पण आधी पार्कचं सांगायला हवं. इंदूरहून खंडवा रोडला लागलं की डाव्या हाताला आनंदलोक. सत्त्याण्णव साली बाबूजींनी ते काढलं. बाबूजींचा मूळ धंदा पाण्याच्या पाइपांचा. ते एकदा दिल्लीला गेले, तिथं लोक पैसे देऊन स्वतःला उलटंपालटं करून घेतात हे त्यांनी पाहिलं, आणि आपले इंदूरवाले यात मागं का, असं त्यांना वाटलं. शरदराव तेव्हा कापड मिल बंद पडून घरी बसलेले फिटर. बाबूजींनी विचारलं, झूला दुरुस्त करता येईल का? शरदराव म्हणाले, जे फिरतं ते सगळं मला येतं. त्या एका वाक्यावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली.

सुरुवातीला चारच गोष्टी होत्या: आकाशपाळणा, हेलकावे खाणारं जहाज, भूतबंगला आणि लाकडी घोड्यांची चक्री. त्यानंतर पार्कात नवीन काही आलं नाही असं नाही, आलं की. दर तीन वर्षांनी पेपरात पानभर जाहिरात यायची, ‘मालव्यात प्रथमच’. पब्लिकला नवीन पाहिजे, हा बाबूजींचा मंत्र. आणि नवीन म्हणजे रंगाचे चार डबे, हा त्यांचा हिशेब. जहाज आधी ‘समुद्रराणी’ होतं, मग ‘कोलंबस’ झालं. दोन हजार चारच्या दिवाळीत त्याच्यावर लाटा काढून ‘सुनामी’ लिहिलं. डिसेंबरात बातम्या आल्यावर शरदरावांनी स्वतः रात्रंदिवस घासून ते नाव काढलं आणि जहाज पुन्हा राणीचं केलं. भूतबंगल्यातले तीन सांगाडे तर नोकरीत शरदरावांइतकेच जुने. ते राक्षस झाले, परग्रहवासी झाले, कोरोनानंतर एका शहाण्यानं त्यांना पांढरे किट चढवून ‘व्हायरस लॅब’ उघडली. तेव्हा मात्र लोक खरोखर घाबरले. एक बाई आतून रडत बाहेर आल्या आणि बाकावर बसूनच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सांगाडे पुन्हा सांगाडे झाले.

घोड्यांचं नाव मात्र कधी बदललं नाही. कारण उघड आहे. पार्कात बाकी प्रत्येक झुल्यापाशी साडेतीन फुटांची पट्टी लावलेली असते. तिच्याहून बुटक्याला आत सोडत नाहीत. त्या बुटक्यांना बसायला एक घोडेच होते, आणि त्या वयात कोणाला वाचता येतं? त्यांना घोडा म्हणजे घोडा. तो वर जातो, खाली येतो, आणि आईसमोरून दर फेरीला एकदा जातो. एवढ्यावर ती खूश.

त्या बुटक्यांतच शरदरावांची नात होती, स्वानंदी. पाच वर्षांची, तीन फूट दोन इंच. आईबाप दोघं आयटीत, त्यामुळे रविवार आबांचा. सुदामा नगरहून आबांच्या स्कूटरवर पुढं उभं राहून यायचं, सात नंबरच्या तांबड्या घोड्यावर बसायचं, आणि आबांनी बटन दाबलं की दांडा दोन्ही हातांनी धरून गंभीर चेहरा करायचा. हसायची नाही. पोरगी जणू ड्युटीवर असायची. शरदरावांना आयुष्यात जे काही जमलं असं वाटायचं ते त्या तीन मिनिटांत.

बाबूजी गेले. त्यांचा मुलगा पाइपांतच रमला. आणि मग नातू वेदांत बाहेरून शिकून आला. पोरगा वाईट नव्हता, सगळ्यांना नमस्ते करायचा. पण त्यानं पहिल्याच महिन्यात कागद काढला आणि सांगितलं की चक्रीची जागा पाहिजे, तिथं अंतराळात गेल्यासारखं वाटणारी मोठी मशीन बसणार, घोडे दिवाळीनंतर भंगारात. शरदरावांना त्या दिवशी डबा गेला नाही.

खरं म्हणजे तेव्हाच रस्ता समोर उभा होता. रामभाऊ आले होते. रामभाऊ मेळ्यांतले झूलेवाले. लालबागेत मेळा लागला की त्यांचा पाळणा ठरलेला, बाकी वर्षभर देपालपूर, महेश्वर, जिथं जत्रा तिथं. त्यांना घोडे हवे होते, आणि घोड्यांबरोबर शरदरावही. म्हणाले, शरदभिया, तुम्ही साठीचे झालात म्हणून काय हात थांबलेत का? घोडे फिरवू, पोरं बसवू, अपन दोघं मजेत राहू. चांगलं बोलत होते हो. पण शरदरावांच्या नाकाला झोंबलं. आनंदलोकचे घोडे चिखलात, भज्यांच्या कढईशेजारी? आणि पागनीस मेळ्यात? पणजोबा होळकरांच्या पागेवर कारकून होते; घरातल्या प्रत्येक मुंजीत हे एकदा तरी सांगितलं जातं. शरदरावांनी रामभाऊंना चहा पाजला आणि बघू म्हणून वाटेला लावलं.

आणि मग आली शमिका. पुण्याची, मार्केटिंगला, नवीन. वेदांतनं तिला काम दिलं होतं की पार्काचा इतिहास लिहायचा, एक भिंत करायची, फोटोबिटो लावायचे. सगळ्यात जुना माणूस कोण? शरदराव. ती मोबाइल समोर ठेवून बसली. शरदरावांनी दोन दिवस तिला खरा इतिहास सांगितला: कुठलं बेअरिंग कधी बदललं, कुठला रंग कधी दिला, जहाजाचं नाव किती वेळा फिरलं. मुलगी सभ्य होती, जांभई तोंड मिटून द्यायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, काका, यात काही ऐतिहासिक नाही का?

शरदरावांनी खिडकीतून घोड्यांकडे पाहिलं. महिना राहिला होता.

“आहे ना,” ते म्हणाले. “हे घोडे होळकरांच्या पागेतले.”

एकदा तोंड उघडल्यावर मग काय विचारता. सरकारी पागेत सोळा नामी घोडे होते, छोट्या राजकुमारांना खऱ्या घोड्यावर बसवायच्या आधी सराव म्हणून महाराजांनी त्यांच्या लाकडी प्रतिकृती करवल्या, माप पागेच्या वहीतून घेतलं, आणि ती वही कोण लिहीत होतं? पागनीस. शरदराव सांगत होते आणि त्यांना स्वतःलाच पटत चाललं होतं. सात नंबरच्या घोड्याचं नाव त्यांनी तिथल्या तिथं ‘हिरोजी’ ठेवलं. वस्तुस्थिती अशी, की ते घोडे बाबूजींनी रतलामच्या एका मेळेवाल्याकडून जुने घेतले होते, आणि हिरोजीचा मागचा डावा पाय शरदरावांनी मिलमधल्या मागाच्या मोडक्या धोट्याच्या लाकडातून बसवला होता.

शमिकेचे डोळे मोठे झाले. हे तुम्ही आधी का नाही सांगितलं, असं तिनं विचारलं. कोणी विचारलंच नाही, शरदराव म्हणाले. त्या मुलाखतीच्या सबंध शेवटच्या तासातलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

घरी कुमुदिनीबाईंना त्यांनी सकाळच्या पोह्यांवर सगळं सांगून टाकलं. बाई शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. पोरांची खोटी कारणं ऐकून कान तयार. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात होळकरांची एक तरी वस्तू असतेच, कोणाकडे तबक, कोणाकडे खुर्ची. आपल्याकडेच नव्हती. आता एकदम सोळा झाल्या. आणि वर शेव घालून त्या आपल्या कामाला लागल्या.

पंधरा दिवसांत निकाल आला. वेदांतनं सगळ्या स्टाफला बोलावून सांगितलं की घोडे कुठं जात नाहीत, ते आपली शान आहेत. अंतराळाची मशीन तिकिटखिडकीमागं बसेल. शरदरावांनी स्वतःच्या पैशांनी सराफ्यातून किलोभर मावाबाटी आणून वाटली. संध्याकाळी रामभाऊंना फोन करून ऐटीत सांगितलं की घोडे देता येत नाहीत, त्यांना आता मान मिळालाय. रामभाऊ म्हणाले, हओ भिया, मान मोठा. आणि त्यांनी देवासहून दुसरी चक्री उचलली.

मग मान कसा असतो ते कळायला लागलं. शमिकेनं कुणा जाणकाराला फोटो पाठवले होते. त्यानं घोडे पाहिले नव्हते, पण सल्ला पाठवला: इतक्या जुन्या वस्तूवर वजन पडता कामा नये, कंप तर नकोच. तेव्हा मोटर काढायची. मधला खांब वेल्डिंग करून पक्का करायचा, म्हणजे चक्री हलणार नाही. भोवती मखमली दोर. आणि शरदरावांना साठीनंतर दोन वर्षं वाढ. हुद्दा वारसा-रक्षक, पोशाख अंगरखा आणि पगडी. वेदांतनं हात जोडून सांगितलं की वेल्डिंग दुसऱ्या कोणाकडून नको, अंकल, तुमचाच हात लागला पाहिजे.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शरदराव दोन दिवस वेल्डिंगचं मशीन बिघडलंय असं सांगत हिंडले. तिसऱ्या दिवशी ते वेदांतच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सगळं ओकले. रतलाम, मेळेवाला, धोट्याचं लाकूड, सगळं. पणजोबांच्या वहीत घोड्यांच्या दाण्यापलीकडे काही नव्हतं, हेही सांगितलं. चुकलो म्हणाले. साठ वर्षांचा माणूस तीस वर्षांच्या पोरापुढं मान खाली घालून उभा होता, आणि त्याला लाज वाटत होती, आणि तरी हलकंही वाटत होतं. आता मोटर राहील, असं त्याला वाटत होतं.

वेदांतनं शांतपणे ऐकून घेतलं. हे आणखी कोणाला माहीत आहे का, एवढंच विचारलं. मग भिंतीवर लावायच्या बोर्डाचा छापील नमुना त्यानं टेबलावर सरकवला.

“अंकल, हेरिटेज है तो रहेगा। हेरिटेज नहीं है तो भंगार है। आप ही बता दो, क्या लिखूँ?”

बाहेर येऊन शरदरावांनी रामभाऊंना फोन लावला. मागं बँडचा आवाज होता. देपालपूरला नवी चक्री लागली होती, पोरांची लाइन होती. रामभाऊ म्हणाले, भिया, आता दुसरी घेऊन कुठं ठेवू? महिन्यापूर्वी बोलले असतात तर. ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि त्यामुळंच शरदरावांनी घाईनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डिंग केलं. चांगलं केलं. वाईट काम त्यांना येतच नव्हतं. खांबाभोवती चारी बाजूंनी टाका घातला, ग्राइंडरनं घासला, वर रंग दिला. ती चक्री आता भूकंपातही हलली नसती.

उद्घाटन रविवारी झालं. पाहुणे आले, भाषणं झाली. एकजण म्हणाला की या घोड्यांना पाहून त्याला टापा ऐकू येतात. एक निवृत्त प्राध्यापक बोर्ड वाचून म्हणाले की हिरोजी घोड्याचं नाव त्यांनी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. शरदराव पगडी घालून दोरापाशी उभे होते. त्यांनी प्राध्यापकांना नमस्कार केला. दुसरं काय करणार?

स्वानंदीला कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगायचं ठरलं होतं. आजी म्हणाली तुम्ही सांगा, आबा म्हणाले तू सांग. ती आजीचा हात सोडून आली, दोराखालून वाकून गेली (वाकायचीही तिला फारशी गरज पडली नाही) आणि सात नंबरवर चढली. दांडा दोन्ही हातांनी धरला. चेहरा गंभीर केला. आणि वाट बघत बसली.

लोक कौतुकानं बघायला लागले. शमिकेनं मोबाइल वर धरला. वेदांत हसत पण हळू आवाजात म्हणाला, अंकल, बच्चीला उतरवा, तिला बघून बाकीची पण चढतील.

“आबा, चालू करा ना,” स्वानंदी म्हणाली.

शरदराव दोर ओलांडून तिच्यापाशी गेले. आपण काय बोलणार आहोत ते त्यांना माहीत नव्हतं. सगळे ऐकत होते, प्राध्यापकसुद्धा.

“उतर बेटा. हा घोडा महाराजांचा आहे. आपला नाही.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पगडीकडे पाहिलं. आबा कधी खोटं बोलत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळं तिनं हट्ट केला नाही, फक्त विचारलं, “मग महाराज कधी येणार बसायला?”

सगळे हसले. शमिका म्हणाली, किती गोड, काका, तिला परत एकदा म्हणायला सांगा ना, आवाज नीट आला नाही. स्वानंदी मात्र उत्तराची वाट बघत होती आणि दांडा सोडत नव्हती. शरदरावांनी खाली वाकून तिची बोटं एकेक करून सोडवली, आधी उजव्या हाताची, मग डाव्याची, आणि तिला उचलून दोराबाहेर ठेवलं.

परत म्हणायला त्यांनी तिला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी ते स्कूटर काढून उभे राहिले, तर ती जिन्यातूनच म्हणाली की तिला नाही यायचं. मग शरदराव एकटेच ड्युटीवर गेले.