हाकेचं बटण

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. टेबलाच्या खालच्या खणात, संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. कृपा करून हळहळू नका. इतकी वर्षं ज्यांची बडबड ऐकली, त्यांच्यापेक्षा या बॅटऱ्यांची सोबत बरी.

कारखान्यात माझ्या गाद्या शिवणाऱ्या बाईंनी मला एकदा स्वतःच्या कानांवर चढवलं. शेजारी यंत्र धडधडत होतं. "काही म्हणता काही ऐकू येत नाही," त्या खूश होऊन म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. माझा माइक मात्र भलताच तिखट. पलीकडच्या खोलीत चमचा पडला तरी तो टिपायचा.

मला विकत घेतलं ते दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवणाऱ्या एका बत्तीस वर्षांच्या घोड्याने. दवाखान्यात हा मान खाली घालून बसायचा, पण ऑनलाइन खेळात याचं नाव 'महासम्राट'. सोबत बटाटा, भूतनाथ असल्या नावांची सहा जणांची टोळी. आपापल्या खोलीत खुर्च्या झिजवत हे वीर पडद्यावरचे किल्ले जिंकायचे आणि त्याची टिमकी आठवडाभर वाजवायचे. विनोद म्हणाल तर एकच, आणि तोही गरम करून करून शिळा झालेला.

तो विनोद म्हणजे महासम्राटाची आई. तिने जेवायला मारलेली हाक याने माझ्याच माइकने टिपली आणि एका बटणावर बसवली. डाव रंगात आला की बटण दाबायचं. "अरे, जेवायला ये रे, निवतंय सगळं." की टोळी दात काढायला मोकळी. तिकडे ती बाई ताट वाढून वाट बघत असायची. मला त्याची किळस यायची. पण तिची खरी हाक त्याच्या कानापर्यंत मीच पोचू देत नव्हतो, हेही कबूल केलं पाहिजे.

टोळीत एक बाई होत्या, 'गोगलगाय'. कोर्टातल्या साक्षींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती टाइप करणं हे त्यांचं काम. खेळायच्या संथ, बोलायच्या त्याहून कमी. म्हणून टोळी त्यांना कायम किल्ल्याच्या दारावर उभं करायची आणि वर त्यांची टर उडवायची.

एका रविवारी दुपारी, डाव ऐन रंगात असताना, स्वयंपाकघरात काहीतरी धप्पकन पडलं. मग आईचा आवाज आला. "अरे, ये रे. अरे, ये ना." माझ्या माइकने तो अख्ख्या टोळीला पोचवला. माझ्या गाद्यांनी तो मालकाच्या कानात शिरू दिला नाही.

टोळी हसली. "आज आई लवकर आली," बटाटा म्हणाला.

"मी बटण दाबलंच नाही," मालक म्हणाला. त्यावर ते आणखी हसले. आपलीच फिरकी घेताहेत असं समजून हाही हसला.

"बटणातल्या हाकेमागे नळ वाहतो," गोगलगाय म्हणाल्या. "आत्ता नळ नव्हता. हेडफोन काढ आणि आत जाऊन बघ."

"दोन मिनिटं. डाव संपतच आलाय."

बाईंनी किल्ल्याचं दार उघडलं आणि बाजूला झाल्या. शत्रू आत घुसला आणि अर्ध्या मिनिटात टोळी आडवी झाली.

"संपला डाव," त्या म्हणाल्या. "आता जा."

त्याने संतापून मला टेबलावर आपटलं. तेव्हा कुठे त्याला ती हाक ऐकू आली.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दीड महिना अंथरुणावर काढल्यावर ती वॉकर धरून चालू लागली. आणि टोळीने काय केलं म्हणता? हातातला डाव घालवला म्हणून गोगलगायबाईंना हाकलून दिलं. आमचे महासम्राट मूग गिळून गप्प बसले.

दोन महिन्यांनी स्वारी पुन्हा मला चढवून खेळायला बसली. बटाट्याकडे जुने सगळे डाव आवाजासकट रेकॉर्ड करून ठेवलेले होते. "नवं बटण आणलंय," म्हणत त्याने ते दाबलं. "अरे, ये रे. अरे, ये ना."

टोळी खो खो हसली. मालक मात्र ताडकन उठला आणि मला तसाच डोक्यावर घेऊन धावत सुटला. माझी वायर तुटली.

आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. त्याने मला गळ्यात उतरवलं.

"काय रे? काय झालं?"

"हाक मारलीस ना?"

"नाही रे," ती म्हणाली. "हल्ली मी तुला हाक मारतच नाही."

तो तिच्यासमोर बसला. बराच वेळ शेंगा सोलत राहिला, आणि एकही दाणा त्याला धड काढता येत नव्हता. संध्याकाळी त्याने मला खणात टाकलं.

मित्रांनो, माझ्या जातीचा कुणी तुमच्याकडे असेल, तर त्याच्या गाद्या पुसत बसू नका, वायरही जपू नका. घरात अजून कुणी तुम्हाला हाक मारतं का, तेवढं त्याला कानांवरून काढून ऐका. आमच्या घरातली हाक आता बटाट्याच्या बटणात आहे.