सम्पोचा ताप

"फ्लू म्हणजे सर्दीच की हो, सिस्टर! आमच्या लहानपणी कुठं होती असली लस?" मांडीवरच्या दोन वर्षांच्या हेल्काला सावरत यार्नो म्हणाला.

तेल्लेर्वोने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. गावच्या बालकेंद्रातली परिचारिका म्हणून, निवृत्तीआधीची तिची ही शेवटची हिवाळी लसमोहीम. यार्नोचं लहानपण तिला त्याच्यापेक्षा जास्त आठवत होतं.

अडतीस वर्षांपूर्वी ती नोकरीला नवी होती. बर्फाने रस्ते बुजलेले. यार्नोच्या आईचा फोन आला आणि ती पायांत स्की बांधून चार किलोमीटर गेली. पाच वर्षांचा यार्नो आणि आठ महिन्यांचा सम्पो, दोघंही तापाने फणफणलेले. तिने अंगावरचे लोकरीचे थर उतरवले. आजीच्या हातातली ॲस्पिरिनची गोळी काढून घेतली. "आजी, मुलांना ही नाही द्यायची." चमच्याचमच्याने ब्लूबेरीचा रस पाजत बसली. यार्नो रस पीत होता. सम्पोने मात्र तोंड फिरवलं. दुपारी त्याच्या फासळ्यांखाली श्वासागणिक खड्डे पडू लागले, तेव्हा तिने रुग्णवाहिका बोलावली. बर्फ उपसणाऱ्या गाडीमागून ती आली, पण फार उशिरा.

यार्नो तीन दिवसांत अंगणात खेळू लागला.

"तुझ्या धाकट्या भावाला काय झालं होतं, ठाऊक आहे?" तिने हळूच विचारलं.

"सम्पोला? छातीचं दुखणं. आई त्याबद्दल बोलतच नाही."

"फ्लू झाला होता रे. तोच मग छातीत उतरला."

यार्नोने हेल्काला मांडीवर सरळ बसवलं. मग त्याने लेकीची टोपी काढली, तिचे केस मागे सारले. "द्या."

दोन्ही नाकपुड्यांत लसीचा एकेक फवारा. हेल्का सटकन शिंकली.

"वाया गेली का लस?"

"छे! शिंकली तरी चालतं. आता ऐक. ताप आला तर थोडंथोडं पाजत राहा. श्वास ओढू लागली, पिईनाशी झाली, तर माझीही वाट बघू नकोस. थेट दवाखाना."

दाराशी तो थबकला. "त्या दिवशी कुणीतरी मला रस पाजत होतं. मला वाटायचं, आईच."

"आईच्या मांडीवर सम्पो होता," तेल्लेर्वो म्हणाली.

बाहेर घसरगाडीवर लेकीला बसवून त्याने तिच्या गळ्याभोवती आपलाच मफलर गुंडाळला आणि उघड्या गळ्याने गाडी ढकलू लागला. वळणापलीकडे तो दिसेनासा होईपर्यंत तेल्लेर्वो खिडकीशी उभी राहिली. मग तिने पुढच्या बाळाचं नाव पुकारलं.